होल्गा, इन्स्टॅक्स आणि आईसोबत काशी: रोल भरण्यापासून निगेटिव्ह हातात येईपर्यंत

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लॅबकडून निगेटिव्हचं पाकीट आलं आणि नोव्हेंबरपासून चाललेलं हे काम एकदाचं पूर्ण झालं, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर सगळं लिहून ठेवतेय. प्रवासात फिल्मवर फोटो काढायचेत, तेही प्लास्टिकच्या टॉय कॅमेऱ्यावर, असं बऱ्याच जणांच्या मनात असतं पण रोल कुठे मिळतो, धुवायला कोण घेतं, विमानतळावर एक्स-रेचं काय करायचं ह्या प्रश्नांपाशी गाडी अडते. माझीही तिथेच अडली होती. नाशिकमध्ये राहून हे सगळं होतं, फक्त वेळ हाताशी ठेवावा लागतो.

दिवाळी झाली आणि आईने काशीचा विषय काढला. आई आणि मावशी दोघींना घेऊन जायचं ठरलं. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता प्रवासाच्या ६० दिवस आधीच सुरू होतं, आधी १२० होते, त्यामुळे जानेवारीच्या शेवटची तिकिटं नोव्हेंबरच्या शेवटी काढली. जाताना ट्रेन, येताना दोघींना त्रास नको म्हणून बनारस ते मुंबई विमान आणि पुढे नाशिकपर्यंत गाडी. हे विमान आहे म्हणूनच पुढचा एक्स-रेचा अख्खा अध्याय आहे.

कॅमेऱ्यांचं सांगते. एक होल्गा १२० एन, सेकंडहँड, साडेचार हजारांना मिळाला. होल्गा हा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये आलेला प्लास्टिकचा कॅमेरा, लेन्सही प्लास्टिकची, शटरचा वेग ठरलेला, साधारण १/१०० सेकंदाचा, आणि त्यात १२० ची रुंद फिल्म लागते. लेन्सवर ऊन आणि ढग अशा दोन खुणा, फोकसला चार चित्रं: एक माणूस म्हणजे एक मीटर, तीन माणसं दोन मीटर, घोळका सहा मीटर, आणि डोंगर म्हणजे त्यापुढचं सगळं. बस्स. कडा काळवंडतात, मधे बरं शार्प येतं, फटीतून कधी उजेड घुसतो. दुसरा इन्स्टॅक्स मिनी ११, हा भावाने दिलेला, नवा घ्यायला गेलात तर सहा हजारांच्या आसपास. त्याचा फोटो दीड एक मिनिटात हातात तयार होतो.

लोक विचारतात दोन कशाला. मला प्रवासात हे पक्कं कळलं की इन्स्टंटचा फोटो द्यायचा असतो आणि रोलचा ठेवायचा असतो. दोघांची कामं वेगळी आहेत. ज्याचा फोटो काढला त्याच्या हातात तो तिथेच पडला की मग दुसऱ्या कॅमेऱ्यात मी काय करतेय ह्याचं त्याला काही वाटत नाही, उलट तो स्वतःच नीट उभा राहतो. मोबाईलवर काढून 'पाठवते हं' म्हणणारे आपण किती जण खरंच पाठवतो.

रोल ऑनलाइनच मागवावे लागले. एमजी रोडला एका जुन्या स्टुडिओत विचारायला गेले होते, तिथल्या काकांनी होल्गा हातात घेऊन मागचं झाकण उघडलं, बंद केलं, आणि म्हणाले, "रोल माझ्याकडे नाही बेटा, धुवायचं मशीनही कधीच गेलं, पण ह्याला कडेने काळी टेप लाव, ही झाकणं निसटतात." मग अर्धा तास बसवून जुना रिकामा स्पूल, म्हणजे फिल्म गुंडाळायची रीळ, घेऊन रोल कसा भरायचा ते दाखवलं. पैसे घेतले नाहीत. तुमच्या गावात असे काका असतील तर यूट्यूबच्या आधी त्यांच्याकडे जा.

त्यांनी शिकवलेलं थोडक्यात असं. रोल नेहमी सावलीत भरायचा, ऊन असेल तर स्वतःच्या अंगाची सावली करायची. फिल्मच्या स्पूलखाली जाड कागदाची घडी सरकवायची म्हणजे रोल सैल पडत नाही, सैल गुंडाळला तर शेवटी बाहेर काढताना कडेने उजेड शिरतो. मागच्या लाल खिडकीवर, जिथे फोटोचा आकडा दिसतो, टेपचा तुकडा लावून ठेवायचा, रोल पुढे सरकवतानाच तेवढा उचलायचा. १२ आणि १६ ची खूण, म्हणजे एका रोलवर किती फोटो हवेत ते, नीट लावायची, मी चौकोनी म्हणजे १२ वाली ठेवली. रोल संपला की कागदी पट्टी ओली करून घट्ट चिकटवायची आणि वरून रबर.

एक रोल साधारण ९०० ते ११०० रुपये. नाशिकच्या हिवाळी उन्हासाठी कोडॅक गोल्ड २०० आणि बनारसच्या धुक्यासाठी इलफर्ड एचपी ५, हा ब्लॅक अँड व्हाइट, ४०० आयएसओचा. हा आकडा जितका मोठा तितक्या कमी उजेडात रोल चालतो. का ते सांगते, कारण हे कुणी सोपं करून सांगत नाही. होल्गाचं शटर तुमच्या हातात नाही आणि भिंगाचं तोंडही जवळजवळ ठरलेलं, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचा खरा मार्ग एकच, योग्य रोल भरणं. भर उन्हात १०० किंवा २०० चालतो, ढगाळ असेल तर ४०० लागतो. निगेटिव्ह फिल्म उजेड जास्त झाला तर सांभाळून घेते, कमी पडला तर नाही घेत. म्हणून शंका आली की ४०० भरा.

आईने होल्गा पहिल्यांदा बघितला ती डिसेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. मी तिला समजावायला लागले की ह्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत फिरवायचं, तर ती म्हणाली, "अगं मला काय सांगतेस, आपल्या घरी अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता की, बाराच फोटो यायचे, अण्णा आकडा मला बघायला लावायचे." अ‍ॅग्फाचा तो क्लिक थ्री आपल्याकडे बडोद्याला बनायचा, आणि त्यातही हीच १२० ची फिल्म, हीच लाल खिडकी. मला हे माहीतच नव्हतं की माझ्या आईला रोल फिरवता येतो. त्या दिवसापासून आकडा बघायचं काम तिचं.

टेस्ट रोल काढल्याशिवाय प्रवासाला जाऊ नका, हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. जुना कॅमेरा असेल तर शटर चालतंय का, फटी किती आहेत, हे फक्त धुतलेला रोलच सांगतो. माझा टेस्ट रोल डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोदाघाटावर सुरू झाला. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, 'गंगेवर जाऊन येते' म्हणजे रामकुंडावर. सकाळी आठला तिथे ऊन तिरकं येतं आणि नारोशंकराच्या देवळाची बाजू उजळते, तेव्हा काढा. काळारामाच्या देवळात आत कॅमेरा काढला नाही, बाहेरूनच काळ्या दगडाचा फोटो घेतला, काळा दगड उन्हात असेल तरच होल्गात दिसतो हेही कळलं. मग रविवारी नांदूरमध्यमेश्वर. निफाडची थंडी माहितीच आहे तुम्हाला, पहाटे बोटं वळत नव्हती. तिथे सगळे हातभर लांब लेन्स घेऊन आलेले, होल्गामध्ये पक्षी म्हणजे ठिपका येणार हे उघड आहे, म्हणून मी पक्ष्यांच्या नादी लागलेच नाही, दुर्बीण डोळ्याला लावलेल्या गाईडचे आणि उसाच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेचे फोटो काढले. माझ्या मते त्या रोलवरचे सगळ्यात चांगले तेच आहेत.

इन्स्टॅक्सचा पहिला धडाही नांदूरलाच मिळाला. त्याची फिल्म ५ ते ४० अंश तापमानात नीट काम करते, फार थंडीत फोटो फिका आणि निळसर येतो. फोटो बाहेर आला की हलवायचा नाही, झटकायचा तर अजिबात नाही, सरळ स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवायचा. गाईड दादांचा फोटो त्यांच्याच जॅकेटच्या आत ठेवायला लावला, दोन मिनिटांनी काढून बघितला आणि मग त्यांनी बाकीच्या गाईडना हाका मारल्या. पॅकमध्ये दहाच फोटो असतात, त्यामुळे सगळ्यांना एकत्र उभं करून एक काढला.

टेस्ट रोल मुंबईच्या लॅबला पाठवला. आधी लॅबला व्हॉट्सअ‍ॅप करून विचारलं, त्यांनी फॉर्म पाठवला: नाव, पत्ता, मोबाईल, रोलचा प्रकार, रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट, स्कॅन किती मोठा, निगेटिव्ह परत हवीत का. ह्या शेवटच्या रकान्यात 'हो' लिहाच, काही लॅब ठराविक दिवसांनी निगेटिव्ह टाकून देतात. धुणं आणि स्कॅन मिळून ६०० रुपये, कुरिअर वेगळं. रंगीत रोल सी-४१ नावाच्या प्रोसेसने धुतात, ब्लॅक अँड व्हाइटचं रसायन वेगळं, आणि थोडे रोल जमल्यावरच ते धुतात म्हणून त्याला वेळ जास्त लागतो. माझा रंगीत होता, नाताळनंतर स्कॅन आले. एका कोपऱ्यात प्रत्येक फोटोवर लालसर पट्टा होता, म्हणजे डावीकडच्या क्लिपपाशी फट आहे. तिथे दुहेरी टेप लावली. हे काशीत जाऊन कळलं असतं तर काय उपयोग होता?

आता माझ्या लाडक्या भागाकडे येते. होल्गामध्ये शटर आणि रोल सरकवणं ह्यांचा एकमेकांशी संबंध नाही, रोल पुढे नेला नाही तर त्याच चौकटीवर परत फोटो पडतो. मी ठरवलं की पहिली चौकट अर्धी नाशिकच्या गंगेची आणि अर्धी काशीच्या गंगेची. २३ जानेवारीला, निघायच्या आदल्या दिवशी सकाळी, एचपी ५ भरला आणि रामकुंडाच्या पायऱ्यांचा एकच फोटो काढला, आभाळ अजिबात न घेता, वरून खाली बघत, कारण दोन फोटो एकावर एक पडतात तेव्हा जिथे आधीच लख्ख उजेड आहे तिथे दुसरं काही उमटत नाही आणि जिथे अंधार आहे तिथे उमटतं. मग रोल तसाच ठेवून लेन्सला कॅप लावली. एरवी मी कॅप वापरत नाही, होल्गाच्या खिडकीतून बघताना कॅप लागलेली आहे हे दिसतच नाही, पण बॅगेत शटरची दांडी दाबली जाऊ शकते आणि तेवढ्यासाठी ह्या एका प्रवासात ती हवी होती. कॅमेऱ्यावर कागद चिकटवला, 'फिरवू नये'. आईने तो स्वतःच्या पर्समध्ये घेतला, माझ्या बॅगेवर तिचा भरवसा नव्हता.

नाशिकरोडहून २४ ला निघालो. धुक्यामुळे उत्तरेकडे गाड्या रखडतात हे धरूनच चालायचं, आम्हीही बऱ्याच उशिरा पोचलो, पण डब्यात इन्स्टॅक्सने वेळ बरा गेला. समोरच्या बर्थवर मिर्झापूरला उतरणारे आजी-आजोबा होते, लग्नानंतर दोघांचा एकत्र फोटो नाही म्हणाले. डब्यात उजेड कमी असतो तिथे मिनी ११ चा फ्लॅश आपोआप पडतो, पण तो अडीच-पावणेतीन मीटरच्या पुढे पोचत नाही, म्हणून जवळ बसवा आणि मागे काच येऊ देऊ नका, काचेत फ्लॅशचा गोळा दिसतो. आजींनी फोटो पदराच्या टोकाला धरला आणि तो हळूहळू उमटताना बघत राहिल्या. तुम्ही कुणाला फोटो देणार असाल तर ती पहिली दोन मिनिटं त्यांच्याबरोबर थांबा, लगेच पुढे जाऊ नका.

बनारसमध्ये पहिल्याच सकाळी दशाश्वमेध घाटावर रोलवरची राहिलेली अर्धी चौकट काढली. धुकं इतकं की पलीकडचा काठ नाहीच, नावेचं टोक आणि नावाड्याची काळी आकृती तेवढी. ढगाची खूण, फोकस घोळक्यावर, कॅप काढली, आईला विचारलं "एकच आहे ना गं?" तिने टेप उचलून बघितलं, "एकच". दाबलं. मग तिने दोन आणला.

फिरताना काही गोष्टी आधीच ठरवल्या होत्या. मणिकर्णिकेवर कॅमेरा बाहेर काढायचा नाही, कोणताच. तिथे लोक आपलं माणूस घेऊन आलेले असतात. शिंदे घाटावरचं ते कललेलं रत्नेश्वराचं देऊळ मात्र पुढून नावेतून घेतलं. अहिल्याबाईंच्या घाटावर मावशी हट्टाने बसली, काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० मध्ये अहिल्याबाई होळकरांनी बांधलं हे ती तिथल्या चहावाल्याला मराठी-हिंदी मिसळून सांगत होती, तो फोटो माझ्याकडे आहे आणि इन्स्टॅक्सवरचा चहावाल्याकडे. विश्वनाथाच्या दर्शनाला मोबाईल, कॅमेरा काहीच आत नेता येत नाही, बाहेर लॉकर असतात. आम्ही कॅमेरे आणि रोल सरळ लॉजच्या खोलीतच ठेवून गेलो, ते सोयीचं पडतं.

सारनाथला दुपारी ऊन निघालं तेव्हा गोल्ड २०० भरला. धमेख स्तूप साधारण ४३ मीटर उंच आहे, होल्गाची चौकट चौकोनी असल्याने बरंच मागे जावं लागतं, पण मागे हिरवळ मोकळी आहे. तिकीट काढलं की साधे फोटो काढायला वेगळी परवानगी लागत नाही, ट्रायपॉडला लागते.

२९ तारखेला परतीचं विमान. ह्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, आदल्या रात्री झोप लागली नाही. काय करायचं ते नीट सांगते. फिल्म कधीही चेक-इन बॅगेत टाकायची नाही, तिथला एक्स-रे जोरदार असतो आणि रोल हमखास खराब करतो. हातातल्या बॅगेतही, जुन्या पद्धतीच्या मशीनमधून ४०० पर्यंतचा रोल एक-दोनदा गेला तर सहसा काही होत नाही, पण आता काही विमानतळांवर सीटी स्कॅनर येताहेत आणि त्यातून एकदा गेला तरी फिल्मवर धुरकट थर येऊ शकतो. इन्स्टॅक्सची फिल्म ८०० आयएसओची, ती तर आणखी नाजूक, आणि कॅमेऱ्यात भरलेला पॅकही त्यातच धरायचा.

म्हणून सगळे रोल खोक्यातून काढून एका पारदर्शक झिपच्या पिशवीत भरले, होल्गा रिकामा केला, इन्स्टॅक्समधला पॅक घाटावरच वाटून संपवला. नेहमीपेक्षा एक तास आधी पोचलो, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास तपासणी कडक असते. ट्रेमध्ये बाकी सामान टाकायच्या आधीच पिशवी हातात धरून सीआयएसएफच्या जवानाला हिंदीत सांगितलं की ही कॅमेऱ्याची फिल्म आहे, एक्स-रेने खराब होते, कृपया हाताने तपासा. त्यांनी वरिष्ठांना बोलावलं. ते आले, एक रोल उलटसुलट बघितला, उघडून दाखवा म्हणाले, मी म्हणलं उघडला की उजेड लागून सगळं जाईल, हवं तर हा कोरा रोल उघडून दाखवते. मुद्दाम एक कोरा रोल त्यासाठीच शिल्लक ठेवला होता. त्यांनी पाकीट बघूनच मान डोलावली, कापडाने पुसून ते छोट्या मशीनमध्ये तपासलं आणि दिलं. वीसेक मिनिटं गेली. हा निर्णय पूर्णपणे त्यांच्या हातात असतो, नाही म्हणाले तर वाद घालू नका. मागून मावशी मोठ्याने म्हणत होती, "द्या हो साहेब, काशीचे फोटो आहेत."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रोल पाठवले, सगळे एकाच पार्सलमध्ये न टाकता दोन वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येक रोल फॉइलमध्ये गुंडाळून त्यावर नंबर आणि मोबाईल. दुसऱ्या पार्सलचं ट्रॅकिंग मधे काही दिवस एकाच ओळीवर अडकलं, त्या दिवसांत मी दर तासाला बघत होते आणि आई रोज संध्याकाळी "आले का गं?" विचारत होती. पोचलं शेवटी. रंगीत स्कॅन दोन आठवड्यांत आले, ब्लॅक अँड व्हाइट महिना संपता संपता.

पहिली चौकट अर्धी जमली. खालच्या बाजूला रामकुंडाच्या पायऱ्या आणि त्यांवर तिरकी नाव दिसते, नावाडी एका पायरीवर उभा असल्यासारखा, वरचं सगळं धुक्याने पांढरं झालंय. परत केली तर काशीचा फोटो ऊन वर आल्यावर काढीन, म्हणजे वरचा भागही भरेल. सारनाथचे रंगीत फोटो छान आले, टेपमुळे लाल पट्टा गेला. धुक्यातले काही अगदी फिके आहेत, तिथे ४०० सुद्धा पुरला नाही. अहिल्याबाई घाटावरचा मावशीचा फोटो कॉलेज रोडला मोठा प्रिंट करून घेतला, स्कॅनवरून प्रिंट तिथे कुणीही देतं.

खर्चाचं विचाराल तर रोल आणि धुणं धरून होल्गाचा एक फोटो मला १३० ते १४० रुपयांना पडला, इन्स्टॅक्सचा पन्नास-साठला. स्वस्त नाही. म्हणून घाटावर दहा मिनिटं नुसतं बघायचं आणि मग एक काढायचा, अशी सवय आपोआप लागते, आणि मला ती आवडली. कॅमेरा उसना मिळत असेल तर विकत घेऊ नका, आधी एक रोल काढून बघा.

निगेटिव्ह आता बटर पेपरच्या बाहीत घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवलीत. नाशिकला जूनमध्ये पाऊस लागला की कपाटात दमटपणा येतो आणि निगेटिव्हवर बुरशी चढते, त्यामुळे मे संपायच्या आत पुड्या बदलायच्या. न वापरलेले रोल फ्रीजमध्ये, झिपच्या पिशवीत, आणि वापरायच्या आधी दोनेक तास बाहेर काढून ठेवायचे, नाहीतर थंड रोलवर दव धरतं. आईने फ्रीजच्या दारातला वरचा कप्पा रिकामा करून दिलाय.